दोन घड्याळांचे सर

आमच्या सरांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची आणि दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवायची. एक इथलं आणि एक दुबईचं, असं असतं तर माणूस समजून तरी घेईल. तसं काही नाही. डाव्यावर साडेदहा, तर उजव्यावरही साडेदहाच. फार्मसीच्या डिप्लोमाला आलो त्या पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर आम्हा पोरींचं यावरून खिदळणं सुरू झालं. मी शेजारणीच्या कानात पुटपुटले, "एक बंद पडलं तर स्पेअर असंल." सर तेव्हा फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. तसेच, न वळता म्हणाले, "स्पेअर नाही. दोन्ही लागतात."

आता गंमत बघा. मागच्या बाकावरची कुजबुज ज्यांना पाठमोरं ऐकू येते, तेच सर, आम्ही समोर उभं राहून उत्तर द्यायला लागलो की उजवा हात कानामागे धरायचे आणि म्हणायचे, "ऐकू नाही आलं." पुन्हा सांगावं तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सांगितलं की मान हलवायचे. "आवाज आला. पोचलं नाही." दोन वर्षांत सरांनी कुणाला "बरोबर" म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि "चूक" म्हटल्याचंही आठवत नाही. त्यांच्याकडे दोनच निकाल होते. पोचलं आणि नाही पोचलं. माझ्या वाट्याला कायम दुसरा यायचा.

कॉलेज भिवंडीतलं, लूमच्या गल्लीतलं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पॉवरलूमचे शेड, आणि शुक्रवारची सुट्टी सोडली तर दिवसरात्र तो खटखटाट. बाकीचे शिक्षक वर्गात शिरले की आधी खिडक्या लावून घ्यायला सांगायचे. हे शिरले की म्हणायचे, "खिडक्या उघडा." "सर, काहीच ऐकू येत नाही," अशी कुणी तक्रार केली की खूश व्हायचे. "मस्त. उद्या दुकानात तरी काय ऐकू येणार आहे? रस्त्यावर रिक्षा, काउंटरवर पाच माणसं, त्यात एकीचं पोर रडतंय. तिथं उभं राहून समजावायचंय तुम्हाला. लायब्ररीत नाही." आणि हे सगळं ते इतक्या हळू आवाजात सांगायचे की आम्हाला पुढे वाकून ऐकावं लागायचं. स्वतः कधी म्हणून आवाज चढवला नाही. हातांनीच जास्त बोलायचे.

शर्टाच्या खिशात पैसे-पेन नसायचे, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप असायच्या. चालायला लागले की खिसा कुरकुरायचा. त्या आवाजावरून आम्हाला कळायचं की सर जिन्यात आहेत, मोबाईल आत टाका.

एकदा त्यांनी फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, १-०-१. "हे काय?"

यात काय विशेष! सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक."

"कुणाची सकाळ?"

सरांनी एकेकाकडे बघितलं, खडू खाली ठेवला आणि तास संपायला अर्धा तास असताना निघून गेले. आम्ही म्हटलं, गेले कामातून. दुसऱ्या दिवशी आले ते पुन्हा तेच. "कुणाची सकाळ?" आठवडाभर हाच प्रकार. एका पोरानं शेवटी वैतागून विचारलं, "सर, सकाळ काय कुणाच्या बापाची असते का?" सर खुलले. "असते ना! भिवंडीत तर असतेच असते." पण म्हणजे काय, ते नाहीच सांगितलं.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे "आता तू सांग". औषध कसं घ्यायचं ते पेशंटला समजावलंत ना, आता त्याच्याकडून परत वदवून घ्या. तो बोलला तर त्याला कळलं. नुसती मान हलवली तर त्याला घरी जायची घाई आहे. हे वर्गापुरतं असतं तर ठीक होतं, पण सर बाहेरही तेच करायचे. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथं जाऊन म्हणायचे, "दोन कटिंग, एक बिनसाखरेचा. आता तू सांग." टपरीवाला कपाळाला हात लावायचा. "अहो सर, दहा वर्षं हाच चहा पिताय तुम्ही!" तरी सांगितल्याशिवाय सुटका नसायची. प्राचार्यांनी एकदा त्यांना केबिनमध्ये बोलावून चांगलं झापलं, मुलांना लूममध्ये नेता म्हणून. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी परत सांगतो, मला नीट समजलंय का बघा." आणि प्राचार्यांचा राग त्यांनाच मुद्देसूद ऐकवला. शिपाई सांगत होता की प्राचार्यांना हसू आवरेना. लूममधले तास काही बंद झाले नाहीत.

हो, लूममध्ये तास. हसू नका. समोरचं शेड सरांच्या मोठ्या भावाचं होतं. सगळे त्यांना भाईजान म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायला लागलो. पिढ्यान् पिढ्या खाडीकाठी राहिलेलं, मग भिवंडीत लूम घातलेलं असं त्यांचं घराणं. घरात मागाला सोडून पुस्तकाला हात लावलेले पहिले आमचे सर. दोन लूमच्या मधल्या बोळात भाईजान लुंगी-बनियनवर उभे राहायचे, केसांत कापसाचा भुगा, आणि आम्ही एकेकानं त्यांना समजावायचं. दम्याचा पंप कसा ओढायचा, डोळ्यांत थेंब कसे टाकायचे, कुठली गोळी चावायची नाही. चारी बाजूंनी खटखटाट. आयुष्यभर त्यातच राहिल्यानं भाईजानना तसंही कमीच ऐकू यायचं. त्यांना कळलं की ते आमचं बोलणं सरांना परत सांगायचे, आणि सर म्हणायचे, "पोचलं."

माझी पाळी आली की भाईजान माझ्याकडे बघत राहायचे, मग सरांकडे वळून हात हलवायचे. "कुछ भी नहीं आया."

आज माझं तोंड कसं चालतं ते बघितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा माझ्या घशातून आवाज निघत नव्हता. मी दिघाशी गावची. घरी आम्ही हाय-न्हाय बोलतो. कॉलेजात पहिल्याच महिन्यात मी उभं राहून "न्हाय" म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर सोडण्याआधी मी आत तपासायला लागले, आणि तपासता तपासता तो आतच राहायला लागला. लेखी परीक्षेत मी वरच्या पाचांत. तोंडीला शून्य. पेशंटला समजावण्याची तोंडी परीक्षा असते, पास झाल्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही. त्यात मी एकदा नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास. पहिल्या वेळी परीक्षक हसले होते. दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही, तरी माझे ओठ हलले आणि आवाज आला नाही.

बाबा काही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. भाताला पाणी सोडून आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बाय, दोन येला झालं. आता आनखी एक डाव बस. झालीस तर झालीस. न्हाय तर मानकोलीला ताईसंगं गोडावनात लाग. ते बी कामच हाय, त्यात लाज न्हाय."

लाज नव्हतीच. माझी ताई तिथं खोके स्कॅन करते आणि दोघांचं काम एकटी उरकते. पण मला आमच्या गावात मेडिकल काढायचं होतं. साध्या तापाच्या गोळीला आमच्याकडची माणसं गाडीत बसून जातात. पाटी कुठल्या भिंतीवर लावायची ते मी अकरावीत असतानाच ठरवून ठेवलं होतं. येता-जाता त्या भिंतीकडे बघायचे. बाबा बोलले त्या संध्याकाळी मी त्या रस्त्यानं गेलेच नाही, लांबून वळसा घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले आणि सांगून टाकलं की ही शेवटची वेळ, नाही जमलं तर सोडते. सर नेहमीप्रमाणे हात कानामागे धरून म्हणाले, "ऐकू नाही आलं."

माझं टाळकं फिरलं. "सर, तुम्हाला सगळं ऐकू येतं! पहिल्या दिवशी स्पेअर ऐकू आलं होतं ते!"

हे मात्र जरा मोठ्यानं निघालं. सर हसले. "रोज चारला शेडमध्ये ये. शुक्रवारी नको. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा कुणीही कुणालाही ऐकू जातं."

मग रोज चार वाजता मी, भाईजान आणि तो खटखटाट. पहिले पंधरा दिवस नुसतं "कुछ नहीं आया". मी रडायची, भाईजान चहा मागवायचे. एक दिवस मी चहाचा कप घेताना त्यांच्या उजव्या हाताकडे पहिल्यांदा नीट बघितलं. दोन बोटं नव्हती. मी बघतेय हे सरांनी बघितलं. आम्हाला शेडबाहेर ओसरीवर घेऊन आले, तिथं जरा कमी आवाज होता.

"ही बोटं माझ्यामुळे गेली," सर म्हणाले.

"अरे, छोड ना," भाईजान म्हणाले.

"सांगू दे. मी नुकताच पास झालो होतो. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये नोकरी, पहिला महिना. भाईजानच्या अंगाला खाज सुटली होती, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. गोळी मीच दिली. पाकिटावर मीच लिहिलं, रात्री एक. त्या गोळीनं झोप येते, तेही मी सांगितलं."

"सांगितलं असशील," भाईजान म्हणाले. "लूम चालू होती."

"त्या आठवड्यात त्याची रातपाळी होती. माझ्याच घरातला माणूस, मला माहीत होतं, तरी डोक्यात आलं नाही. यानं पाकीट वाचलं, रात्री एक. कामावर आला आणि रात्र झाली म्हणून घेतली. दोन तासांनी उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात आत गेला." सरांनी आपली दोन्ही मनगटं गुडघ्यांवर उलटी ठेवली. "झोपताना एक, एवढं लिहायचं होतं. एवढंच. किंवा एकदा विचारायचं, भाईजान, ड्युटी कधीची?"

भाईजाननी सरांच्या पाठीवर तो तीन बोटांचा हात आपटला आणि मला म्हणाले, "हा सारखा हेच घेऊन बसतो. मी मोहल्ल्यात सांगत फिरतो की माझा भाऊ औषधाचा मास्टर आहे, आणि हा बघ, रडतोय." सर खरंच रडत होते. मी माझा कप त्यांच्यासमोर सरकवला.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनीच घड्याळांचं सांगितलं. "डावं दिवसपाळीचं. उजवं रातपाळीचं."

"पण सर, वेळ एकच दाखवतात."

"वेळ एकच असते. सकाळचे आठ वाजले की एकजण कामावर निघतो आणि एकजण झोपायला. फळ्यावर १-०-१ लिहिणाऱ्याला पहिलाच आठवतो. उजव्या हाताकडे बघितलं की मला दुसरा आठवतो."

मग आम्ही आत गेलो. कोण जाणे काय झालं, पण भाईजानकडे बघताना मला वर्ग दिसेना, हसणारी पोरं दिसेनात. मला त्यांची बोटं दिसत होती. मी ओरडले, "भाईजान! ड्युटी कंची हाय तुमची?"

भाईजाननी हात वर केला. "ये आया! थोडा आया!" सर म्हणाले, "थोडं. पूर्ण नाही." पण त्या दिवशी बस पकडायला जाताना मी गाणं म्हणत होते. माझ्या बोलीबद्दल सर एवढंच म्हणाले होते, "हाय म्हण, न्हाय म्हण, तुला हवं ते म्हण. भाईजानला कळेल असं म्हण."

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाहेरगावचे होते. सरांना त्या खोलीत यायची परवानगी नव्हती. मी जिना चढत होते तेव्हा ते जिन्यात उभे होते. शुभेच्छा नाहीत, काही नाही. माझ्याकडे बघून उजव्या मनगटावरच्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली, आणि खिसा कुरकुरत खाली निघून गेले.

परीक्षकांच्या टेबलावर त्यांचा मान ठेवलेला होता, म्हणजे साखर घातलेला चहा, बिस्किटं आणि थोडे काजू. मला दहा मिनिटं होती. त्यांनी कार्ड पुढे केलं. मधुमेहाचा पेशंट, सकाळी नाश्त्याआधी एक गोळी. "मी पेशंट. समजाव मला."

मी श्वास घेतला. "काका, तुमची ड्युटी कधीची असते?"

"काय?"

"शिफ्ट. दिवसाची का रातची?"

परीक्षकांनी चष्मा काढला. "शिफ्टचा काय संबंध? कार्डावर सकाळ लिहिलंय. आठ मुद्दे सांगायचे असतात, ते सांग. हे असले प्रश्न कोण विचारतं पेशंटला?"

दोन वर्षांपूर्वीची मी असते तर तिथंच संपले असते. पण मी म्हटलं, "सर, भिवंडीत विचारावं लागतं."

त्यांना ते लागलं बहुतेक. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला म्हणाले, "खालून कुणाला तरी बोलाव. भिवंडीतलाच पेशंट आण. बघू या हिला काय विचारायचंय ते." मला वाटलं, झालं, आता ताईबरोबर मानकोलीची बस.

शिपायानं आणलं कॉलेजच्या वॉचमनना. मूळचे वाडा तालुक्यातले, पन्नाशीचे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. बदलीचा माणूस आला नव्हता म्हणून रातपाळी संपूनही ते गेटवरच अडकले होते. परीक्षकांनी कार्ड त्यांच्या हातात दिलं. "समजा, तुम्हाला साखरेचा आजार आहे."

"समजा कशाला, साहेब? हायेच," वॉचमनकाका म्हणाले. "अशीच गोळी खातो मी. सकाळची." त्यांच्या हातातलं कार्ड थरथरत होतं.

मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं. डोक्यावर पंखा फिरत होता आणि काकांच्या कपाळावर घाम होता.

"काका, आज घेतली?"

"घेतली ना. साताला."

"खाल्लंत काय?"

"चा. बिनसाखरेचा. आता घरी जाऊन झोपायचं, चारला उठून जेवायचं. रोजचं तसंच हाय."

"झोपेत घाम सुटतो? हात कापतात?"

"तुला कोनी सांगितलं?" काका हसायला गेले, पण हसू नीट येईना. "चादर भिजते. बायको म्हनते, पत्र्याच्या गरमीनं. पोरी, मी जरा बसू का?"

भिंतीवर साडेदहा वाजले होते. म्हणजे गोळी पोटात जाऊन साडेतीन तास, अन्न काही नाही, साखर उतरत चाललेली. आणि हा माणूस आता घरी जाऊन झोपणार, आणि झोपेत जे होईल ते कुणाला कळणार नाही. माझ्या दहा मिनिटांतली चार उरली होती, कार्डावरचे आठ मुद्दे तसेच पडले होते. मी परीक्षकांच्या टेबलावरचा चहा उचलला.

"अगं, तो माझा—"

"काका, आधी हा प्या. गोड हाय म्हनून थांबू नका, गोडच पायजे. प्या. आता बिस्किटं खा. समदी खा."

आवाज माझा होता. भाईजानना ऐकू जाईल असा. शेजारच्या टेबलावरची मुलगी बोलायची थांबली. शिपाई आपण होऊन दाराबाहेरून माझी पिशवी घेऊन आला आणि मी डबा उघडून भाकरी नि वालाची भाजी काकांपुढे ठेवली. परीक्षक उठून उभे राहिले होते. काकांनी चहा संपवला, बिस्किटं संपवली, भाकरी मोडली. हळूहळू हाताचं थरथरणं थांबलं. चेहऱ्यावर रंग आला.

मग मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "काका, ऐका. गोळी आपल्या मनानं बंद करायची न्हाय. वेळ बी आपन बदलायची न्हाय, ती डॉक्टर बदलतील. आज घरी झोपायच्या आधी डॉक्टरकडं जायाचं आन् सांगायचं, माझी ड्युटी रातची हाय, गोळी खाऊन मी उपाशी झोपतो. घाम आला, हात कापले, की आधी साखर तोंडात. खिशात ठेवायचीच. मग जेवायचं. आता तुम्ही सांगा."

काकांनी सांगितलं. डॉक्टरांचं सांगितलं, साखरेचं विसरले. मी म्हटलं, "न्हाय पोचलं. परत." दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. खिशावर हात मारून म्हणाले, "साखर हितं."

तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली. परीक्षक खाली बसले. "आठ मुद्दे होते. तू तीन सांगितलेस."

"हो सर."

"हे शिफ्टचं कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात न्हाय, सर. समोरच्या लूममध्ये हाय."

बोलून गेल्यावर मला कळलं मी कसं बोलले ते. कुणीही हसलं नाही. परीक्षकांनी माझ्या नावासमोर काहीतरी लिहिलं, कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, "जा तू. आणि मला दुसरा चहा सांग."

निकाल लागेपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. आठातले तीन मुद्दे म्हणजे नापासच, हा हिशोब मी रोज मांडायची. मधल्या काळात वॉचमनकाका दोनदा भेटले. डॉक्टरांनी गोळी संध्याकाळच्या जेवणावर ढकलली होती, आता चादर भिजत नव्हती. प्रत्येक भेटीत ते आपण होऊन सगळं परत सांगायचे आणि खिशातली साखर काढून दाखवायचे. मला बरं वाटायचं. पण एवढ्यानं डिप्लोमा मिळत नाही, हेही कळत होतं.

निकालाच्या दिवशी मोबाईलवर काही उघडेना, म्हणून कॉलेजात गेले. ऑफिस पहिल्या मजल्यावर. क्लार्कनं यादी पुढे केली आणि मी बोट ठेवून खाली खाली येत गेले. माझं नाव. पुढे तोंडी परीक्षेचे गुण. पूर्ण. एकही गुण कापलेला नाही. मी क्लार्कला म्हटलं, "नीट बघा हो, चुकून तर नाही?" तो म्हणाला, "बाई, छापलेलं आहे."

मी गॅलरीत धावले. खाली रस्ता, पलीकडे टपरी, टपरीशी सर. लूमचा खटखटाट जोरात, मधून टेम्पो जात होता. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "सर! पास झाले!"

सरांनी वर बघितलं. उजवा हात कानामागे.

असा संताप आला मला! आजच्या दिवशी तरी! मी फुफ्फुसात होती नव्हती ती हवा भरली. "सर! मी! पास! झाले!"

रस्त्यावरच्या दोन रिक्षा थांबल्या. टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली. आणि शेडच्या दारातून, तो सगळा खटखटाट मागे ठेवून, भाईजान बाहेर आले, केसांत भुगा, तीन बोटांचा हात उंच. "अरे, लडकी पास हो गयी!" सरांच्या खांद्याला धरून ते गदागदा हलवत होते. "पोरगी पास झाली! आतपर्यंत आलं मला! लूम चालू असताना आलं!"

सरांनी कानामागचा हात खाली घेतला. माझ्याकडे बघून त्यांचे ओठ हलले. नेहमीसारखे, हळू. काय म्हणाले ते मला कळलं होतं. दोन वर्षं मी त्याच एका शब्दासाठी उभी होते.

मी उजवा हात कानामागे धरला.

"ऐकू नाही आलं, सर!"

सरांनी चहाचा ग्लास भाईजानच्या हातात दिला, रस्त्याच्या मधोमध आले, दोन्ही हात तोंडाशी धरले, दोन्ही घड्याळं उन्हात चमकली, आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता तो माणूस सगळ्या लूमच्या वर ओरडला, "पोचलं!"